खडे बसवायचा ऑनलाइन कोर्स केला: मॅडमना फुल मार्क, टूलकिटला नाही

आधीच सांगतो, कोर्स स्वतःच्या पैशाने घेतलाय, कुणी फुकट दिलेला नाही. नाव लिहीत नाहीये कारण खाली टूलकिटबद्दल मी बरंच बोललोय आणि मला कुणाशी वाद घालत बसायचं नाही. हाताने केलेल्या दागिन्यात खडे बसवायला शिकवणारा कोर्स आहे, आठ भाग, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, दर आठवड्याला एक लाइव्ह सेशन आणि सोबत घरपोच येणारी हत्यारांची पेटी.

माझी पार्श्वभूमी म्हणाल तर मी दिवसभर सर्किट बोर्ड रिपेअर करतो आणि रात्री छंद म्हणून तारेचे दागिने करायचो. म्हणजे खड्याभोवती तार गुंडाळायची, वर एक कडी, झालं पेंडंट. दिसतं छान, पण खरं सांगू का, तारेत खडा अडकतो, बसत नाही. दोनदा शर्टात अडकून तार उसवली आणि एकदा खडा कुठे पडला ते कळलंच नाही. मग म्हटलं एकदा खडा टाकून बघूया, नीट शिकता येतं का ते.

पहिला भाग सोल्डरिंगचा होता आणि तो मी जवळपास स्किप केला. माझं रोजचंच काम ते, मला काय शिकवणार! हा फाजील आत्मविश्वास मला पहिल्याच संध्याकाळी नडला. बोर्डवरचं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशाला वितळतं, गन टेकवली, तार लावली, दोन सेकंदात काम संपलं. चांदीचं सोल्डर ७०० अंशांच्या आसपास वाहायला लागतं, आणि तिथे एका जागी टोक टेकवून भागत नाही, अख्खा तुकडा तापवावा लागतो कारण सोल्डर जिकडे धातू जास्त तापलाय तिकडे पळतं. मी काय केलं, तर सवयीप्रमाणे गॅसच्या टॉर्चची ज्योत सरळ जोडावर धरली. जोड होता बेझलच्या पट्टीचा, म्हणजे खड्याभोवती जी पातळ भिंत उभी करतात ना, आपल्या भाषेत कोंदण, त्याचा. ती पट्टी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड, आणि खालचा पत्रा तिच्या तिप्पट जाड. पट्टी आधी चमकली, मग लोळागोळा होऊन पत्र्यावर बसली, आणि पत्रा होता तसाच थंड. सगळा खेळ तीन सेकंदांचा.

लाइव्ह सेशनला फोटो दाखवला तर मॅडम हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोर्डावर काम करता ना? मग ती सवय बाहेर चपलांसोबत काढून या." मग दाखवलं की ज्योत पत्र्याभोवती गोल गोल फिरवायची, पट्टीकडे बघायचंसुद्धा नाही, पत्रा तापला की पट्टी आपोआप तापते आणि सोल्डरची एक चकचकीत रेघ कडेने धावत जाते. ती रेघ धावताना पहिल्यांदा दिसली ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आणि हो, बोर्डाचं सोल्डर चांदीच्या टेबलाजवळ आणायचंच नाही असंही बजावलं, शिशाचा कण चांदीवर राहिला आणि ती परत तापवली की शिसं चांदीत घुसून खड्डे पाडतं. हे मला माहीत नव्हतं. आता दोन वेगळी टेबलं आहेत, दोन वेगळे चिमटे, घरचे म्हणतात आता तिसरं टेबल आणलंस तर आम्ही बाहेर झोपतो.

दुसरा भाग मोजमापाचा. व्हिडिओ बघताना कंटाळा येतो हे कबूल, मॅडम वीस मिनिटं नुसती पट्टी मोजतायत आणि कापतायत. पण सगळ्या कोर्समधला सोन्यासारखा भाग कुठला असेल तर हाच. घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आपल्याला वाटतं खडा बसवणं म्हणजे शेवटी धातू दाबून खडा पकडणं, तर तसं नाहीये, तोपर्यंत सगळा निकाल लागलेला असतो. खड्याची बैठक बरोबर झाली असेल तर दाबायचं काम दहा मिनिटांचं, आणि बैठक चुकली असेल तर मग कितीही दाबा.

उदाहरण देतो. गोल कॅबोशॉन, म्हणजे वरून घुमटासारखा आणि खालून सपाट खडा, व्यास १० मिलिमीटर. पट्टी किती लांब कापायची? शाळेत शिकलो तसं व्यास गुणिले ३.१४, म्हणजे ३१.४. चूक! पट्टीलाही जाडी आहे ना, वाकवली की तिची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणते, म्हणून व्यासात पट्टीची जाडी मिळवायची, १०.३ गुणिले ३.१४, म्हणजे ३२.३ च्या आसपास. जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण ३१.४ ची पट्टी सोल्डर करून झाल्यावर खडा आत जातच नाही, वर टेकून बसतो, आणि तुम्ही कानस घेऊन आतून घासत बसता आणि पट्टी आणखी पातळ होते. मी बसलो होतो ना तसा, एक अख्खा रविवार.

उंचीचंही तसंच. मला वाटायचं भिंत जेवढी उंच तेवढा खडा पक्का. पण उंच भिंत आत वळवायची म्हणजे जास्तीचा धातू कुठेतरी मावायला हवा, तो मावत नाही आणि मग साडीच्या निऱ्या पडाव्यात तशा निऱ्या पडतात, शिवाय अर्धा खडा झाकला जातो तो वेगळाच. घुमट जिथून आत वळायला लागतो त्याच्या किंचित वर भिंत संपली पाहिजे, बास. मॅडमची युक्ती अशी की खडा सपाट ठेवायचा, बाजूने डोळ्याच्या पातळीवर बघायचं आणि पट्टीवर मार्करने रेघ मारायची. साधी गोष्ट, पण कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

आणि दात साफ करायचा फ्लॉस! ही एक गोष्ट कळली तरी पैसे वसूल असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. झालं काय, की बंद तळाच्या बेझलमध्ये मी खडा घालून बघितला, फिटिंग अगदी मस्त, टक् करून आत गेला. आता बाहेर काढायचा कसा? तळ बंद, कडेने नखही जात नाही. उलटा करून टेबलावर आपटला, चिकटपट्टी लावून ओढला, सुईने उचकटायला गेलो आणि पट्टीला पोचा पाडला. दोन दिवस तो तसाच. सेशनमध्ये विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "खडा घालायच्या आधी खाली फ्लॉस आडवा टाकायचा, दोन्ही टोकं बाहेर, मग ओढलं की खडा वर. तिसऱ्या भागात सांगितलंय." तिसऱ्या भागात! मी दुसऱ्याच भागाचा होमवर्क करतोय आणि उपाय तिसऱ्यात. हा या कोर्सचा एक रोगच आहे, त्यावर खाली बोलतो. माझा अडकलेला खडा शेवटी मागून पत्र्याला छोटं भोक पाडून ढकलला, आणि आता मी सगळ्याच तळांना मागून भोक ठेवतो, उजेडही येतो.

तिसऱ्या भागात प्रत्यक्ष खडा बसवणं आलं. पट्टी गोल गोल दाबत जायची नाही, कारण तसं केलं की सगळा जास्तीचा धातू शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतो. घड्याळ डोळ्यासमोर आणायचं, आधी बारा, मग सहा, मग तीन, मग नऊ, मग त्यांच्या मधल्या जागा, प्रत्येक वेळी थोडंसंच. हत्यार आधी जवळजवळ आडवं धरायचं, भिंत खड्याला टेकली की हळूहळू उभं करत न्यायचं. माझ्या व्हिडिओवर मॅडमनी जे सांगितलं ते मी कागदावर लिहून टेबलाच्या वर चिकटवलंय, "खड्याला ढकलताय तुम्ही. खडा जागेवर आहे, त्याला त्रास देऊ नका. पट्टीला ढकला." आणि खरंच तसं होतं, आपलं सगळं लक्ष खड्यावर असतं म्हणून हातही तिकडेच जातो. खडा बसायच्या आधी हात बसावा लागतो म्हणतात त्यातला प्रकार. माझ्या पहिल्या पाच बेझल्स डाव्या बाजूला जाड आणि उजव्या बाजूला पातळ आहेत, पाचच्या पाच, कारण उजव्या हाताचा जोर. सहावीला मी अंगठी पकडायचा क्लॅम्प फिरवायला शिकलो, हात तिथेच, काम फिरतं.

आता टूलकिट. पेटी उघडली की बघत राहावं अशी आहे, फोममध्ये कोरलेल्या जागा, प्रत्येक हत्याराला लाकडी मूठ. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार, म्हणजे पट्टी दाबायचा स्टीलचा पुशर आणि शेवटी कड गुळगुळीत करायचा बर्निशर, हे दोन्ही कच्चे पाठवलेत. पुशरच्या तोंडाच्या कडा धारदार, जशा मशीनवरून कापून आल्या तशाच. बर्निशरचं टोक भिंगाखाली बघितलं तर रेघोट्याच रेघोट्या. बर्निशरचं कामच मुळी स्वतःची चकाकी धातूला देण्याचं, त्याच्या अंगावर ओरखडे असतील तर तो तेच ओरखडे चांदीवर उतरवणार. मला हे माहीत नव्हतं. मी विश्वासाने घेतला, चंद्रकांत खड्यावर, म्हणजे मूनस्टोनवर पहिलं काम केलं, पुशर एकदा सटकला आणि खड्यावर सरळ आरपार रेघ. छोटीशी, पण मूनस्टोनमध्ये जी निळसर झाक फिरते ना, ती बरोबर त्या रेघेपाशी येऊन अडखळते. रोज दिसते मला.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं की हत्यारं वापरण्यापूर्वी पॉलिश करून घेणं ही या व्यवसायातली नेहमीची पद्धत आहे. बरोबर आहे हो, मॅडमही नंतर तेच म्हणाल्या, नवीन हत्यार कधीच तसंच वापरायचं नाही, बारीक पॉलिश पेपरवर कडा मोडायच्या आणि मग चामड्यावर घासून आरसा करायचा. पण मग ते शिकणाऱ्याच्या किटमध्ये एका चिठ्ठीवर तरी लिहा ना! नवशिक्याला व्यवसायाची पद्धत माहीत असती तर तो नवशिक्या कशाला म्हणवला असता. शेवटी मी पितळेचा पुशर वेगळा घेतला, पितळ खड्याला फारसं काही करत नाही, आणि नाजूक खड्यांना तोच वापरतो. बर्निशर मी घासून घासून चकचकीत केला, दोन संध्याकाळी गेल्या, आता तोच माझा सगळ्यात आवडता आहे, हा भाग वेगळा.

किटमधल्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. करवतीची पाती चांगली, तरी पहिल्या आठवड्यात मी डझनभर मोडली, त्यात पात्यांचा दोष नाही (दाते मुठीकडे असतात हे मी उलट लावल्यावर कळलं). चिमटे ठीक. भिंग दहा पट लिहिलंय आणि खरंच दहा पट आहे. बर्स, म्हणजे मोटरला लावायच्या बारीक कापण्या, त्यांच्यावर लिहिलेला आकार आणि खरा आकार यात फरक आहे, व्हर्नियरने मोजून मगच वापरा. व्हर्नियर मात्र किटमध्ये नाही! मोजमापावर अख्खा भाग घेणाऱ्या कोर्सच्या किटमध्ये मोजायचं साधन नाही. सेफ्टी गॉगल पण नाही, तो तरी हवा होता, बर मोडून उडाला की कुठे जाईल सांगता येत नाही. सोल्डर कॅडमियम नसलेलं दिलंय, हे बरं केलंय, कॅडमियमचा धूर फार वाईट.

आता त्या रोगाकडे येतो. खड्यांची माहिती, म्हणजे कुठला किती कठीण, कुठला उष्णता सोसतो, कुठला सोसत नाही, हे सगळं सहाव्या भागात ठेवलंय. सहाव्या! तोपर्यंत माणसाने पाच भागांत चार खडे बसवून झालेले असतात. मला आजतागायत कळलेलं नाही हा क्रम कुणी ठरवला. खड्यांचा कठीणपणा एक ते दहात मांडणारं मोहसचं कोष्टक १८१२ पासून आहे, ते पहिल्या दिवशी हातात दिलं असतं तरी माझे दोन खडे वाचले असते. त्यात हिरा दहा, माणिक आणि नीलम नऊ, पुष्कराज (म्हणजे टोपाझ, पिवळा नीलम नव्हे) आठ, क्वार्ट्झवाले सगळे म्हणजे अॅमेथिस्ट, सिट्रिन वगैरे सात, आणि तुमची कानस साडेसहाच्या आसपास. म्हणजे सातच्या वरच्या खड्याला कानस चुकून लागली तरी बहुतेक निभावतं, पण मूनस्टोन सहा ते साडेसहा, ओपल साडेपाच ते साडेसहा, फिरोजा पाच ते सहा, आणि मोती तर अडीच ते साडेचारच. इथे कानस लागली की संपलं.

पण फक्त कठीणपणा बघूनही फसायला होतं, हे मॅडमनी छान समजावलं. पाचू साडेसात ते आठ, म्हणजे आकड्यात मजबूत, पण त्याच्या पोटात इतक्या नैसर्गिक भेगा असतात की एका कोपऱ्यावर जास्त दाब दिला तर तडकतो, शिवाय बहुतेक पाचूंना तेल पाजलेलं असतं म्हणून अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे दागिने साफ करायच्या मशीनमध्ये टाकायचा नाही. पुष्कराज आठ, पण त्याला एका दिशेने सरळ चिरण्याची खोड. आणि हिरा, जो दहा, तोही चार दिशांनी चिरतो, टोकदार कोपऱ्याचा हिरा चुकीचा दाबला की कोपरा उडतो. म्हणजे ओरखडा न पडणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हा सहावा भाग मी दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा चिडत बघितला.

चिडायचं कारण ओपल. चौथा भाग प्रॉन्ग सेटिंगचा, म्हणजे नख्यांनी खडा धरायचा. सरावाला किटमध्ये ६ मिलिमीटरचा क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा होता, तो बसवला, बरा बसला, हुरूप आला, आणि माझ्याकडे एक छोटा ओपल पडून होता तो बसवायला घेतला. बसवूनही झाला. मग लक्षात आलं की वरची कडी हलतेय, सोल्डर नीट धरलेलं नाही. म्हटलं खडा कशाला काढा, नख्या परत उघडल्या तर मोडतील, लांबून हलकीशी ज्योत देतो. ओपलच्या आत पाणी असतं हो. खनिजाचाच भाग असतो ते, साधारण वजनाच्या तीन ते दहा टक्के. ज्योत कडीवर होती, खड्यावर नव्हतीच, तरी चांदी इतकी पटकन उष्णता पळवते की मला "तिक्" असा आवाज आला. बारीकसा. ज्योत बंद केली, थंड होऊ दिलं, भिंगाने बघितलं, आरपार भेग. रंग अजून खेळतायत त्याच्यात, भेगेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे. चूक माझी आहे, मान्य, खडा बसवल्यावर टॉर्च लावायचा नाही हे सामान्य ज्ञान झालं. पण क्युबिक झिर्कोनिया बरीच उष्णता सोसतो असं चौथ्या भागातच एका वाक्यात म्हणून गेल्यात, आणि बाकीचे सोसत नाहीत हे सहाव्यात!

प्रॉन्गचा भाग तसा अवघड, आणि व्हिडिओत तो सगळ्यात वाईट शूट केलाय. नेमकं खाच पाडायच्या वेळी मॅडमचा अंगठा कॅमेऱ्यासमोर. मी स्क्रीनच्या बाजूने वाकून बघायला गेलो एकदा, जणू मान वळवली तर अंगठ्यामागचं दिसणार आहे. नशीब लाइव्हमध्ये त्यांनी परत करून दाखवलं, दुसऱ्या कॅमेऱ्याने. तर होतं असं, की पैलू पाडलेल्या खड्याची जी सगळ्यात रुंद कड असते, गर्डल, खड्याचा कमरपट्टाच म्हणा, ती टेकायला प्रत्येक नखीच्या आत एक खाच कोरायची. सगळ्या खाचा एका उंचीवर. एक जरी वरखाली झाली तरी खडा तिरका, आणि तिरका खडा लांबून ओळखू येतो. खाच नखीच्या जाडीच्या एक तृतीयांश, फार तर निम्मी, त्यापेक्षा खोल गेलात तर नखी वाकवताना तिथेच मोडणार. आणि खाचेचा उतार खड्याच्या पोटाच्या उताराशी जुळला पाहिजे, म्हणजे खडा टोकावर टेकत नाही, बसतो. मग समोरासमोरच्या नख्या जोडीने थोड्या थोड्या वाकवायच्या.

ही सहा नख्यांची अंगठी आता इतकी सगळीकडे दिसते की तिचं काही वाटत नाही, टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने ती १८८६ मध्ये आणली. खडा धातूच्या वर उचलून धरायचा, म्हणजे बाजूने आणि खालून उजेड आत जातो. आपण स्वतः करायला बसल्यावर कळतं की सहा खाचा एका रेषेत आणणं म्हणजे काय. मी चार नख्यांवरच थांबलोय.

तपासायच्या दोन युक्त्या मात्र अफलातून. एक, अंगठी कानाजवळ धरायची आणि बोटाने टिचकी मारायची, खडा सैल असेल तर बारीक किणकिण ऐकू येते. दोन, जुना नायलॉनचा मोजा नख्यांवरून फिरवायचा, कुठे धागा अडकला तर ती नखी खड्याला नीट टेकलेली नाही. माझ्या पहिल्या अंगठीने मोज्याचे तीन धागे ओढले, तारेच्या पेंडंटमध्ये शर्ट अडकायचा त्याची आठवण झाली.

पाचवा भाग फ्लश सेटिंगचा आणि मला तो सगळ्यात जास्त आवडला. खडा अंगठीच्या पट्ट्याच्या अंगातच बुडवायचा, वर काहीच येत नाही. भोक पाडायचं खड्यापेक्षा लहान, मग खड्याच्या बरोबर व्यासाच्या बरने बैठक कापायची, खड्याचा वरचा सपाट भाग पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईपर्यंत. दर दोन वळणांनंतर थांबून खडा घालून बघायचा, काठीच्या टोकाला मेणाचा गोळा लावून त्याने उचलायचा, नाहीतर दोन मिलिमीटरचा खडा चिमट्यातून जो उडतो तो थेट फरशीच्या भेगेत (दोन आहेत माझ्या खोलीत कुठेतरी, चालताना सापडतील). मग बर्निशर उभा धरून भोकाच्या कडेवरून आतल्या बाजूने दाबत फिरवायचा, कडेचा बारीकसा धातू खड्यावर सरकतो. पहिला खडा बसला तेव्हा हाताला कळलं, एका क्षणी खडा हलायचा थांबतो. दिसत काहीच नाही, फक्त हाताला कळतं. पट्टा मात्र जाड हवा, खड्याच्या खोलीपेक्षा जास्त, नाहीतर खड्याचं टोक मागून बाहेर येतं आणि बोटाला टोचतं.

सातवा भाग चॅनल, म्हणजे दोन भिंतींमध्ये ओळीने खडे धरायचे, आणि आठवा पावे, म्हणजे बारीक खडे एकमेकांना खेटून बसवायचे. दोन्ही घाईघाईत उरकलेत असं स्पष्ट दिसतं. पावेमध्ये ग्रेव्हरने, म्हणजे धातू कोरायच्या टोकदार हत्याराने धातूचे बारीक मणी उचलून त्यांनी खडे धरतात, आणि ग्रेव्हरला धार लावणं हाच मुळात एक वेगळा विषय आहे, त्याला इथे जेमतेम चार मिनिटं दिलीत. मी तो व्हिडिओ बघितला, ग्रेव्हर एकदा सटकून डाव्या अंगठ्यात घुसला, आणि मी तो कोर्स तिथेच थांबवला. पावे शिकायचंच असेल तर समोर बसून शिकावं असं माझं मत झालंय, कुणीतरी मनगट धरून दाखवायला हवं.

लाइव्ह सेशनबद्दल दोन शब्द, कारण मार्क त्यालाच आहेत. आम्ही आठ-नऊ जण असायचो, प्रत्येकाने आपल्या कामाचा जवळून काढलेला फोटो आधी पाठवायचा. मॅडम फोटो मोठा करून स्क्रीनवर लावायच्या आणि चुकीच्या जागी बोट न ठेवता आधी विचारायच्या, "तुम्हाला काय दिसतंय?" पहिल्या दोन वेळा मला काहीच दिसलं नाही. तिसऱ्या वेळी मी स्वतःच म्हणालो की साडेचारच्या जागी पट्टी आणि खड्यामध्ये केसाएवढी फट आहे, तर त्या म्हणाल्या, "झालं, आता तुम्हाला माझी अर्धीच गरज." एका ताईंचा खडा बेझलमध्ये खोल जात होता, वरून कड फारच वर येत होती, तर त्यांना जुन्या प्लास्टिक कार्डाचा तुकडा कापून खाली ठेवायला सांगितला, खडा वर आला. मी फ्लॉसची गोष्ट सांगितली तर त्या ताई म्हणाल्या त्यांचाही खडा एक आठवडा अडकून होता, म्हणजे मी एकटा नाही.

तर घ्यायचा की नाही? टॉर्च, करवत, कानस यांच्याशी थोडी तरी ओळख असेल तर घ्या. अगदीच कोरी पाटी असेल तर आधी नुसतं सोल्डरिंग कुठेतरी समोर बसून शिका, कारण आगीच्या बाबतीत व्हिडिओ पॉज करायला वेळ मिळत नाही. सहावा भाग पहिल्यांदा बघा, मग दुसरा, तिसरा, आणि पहिला माझ्यासारखा स्किप करू नका. लाइव्ह सेशनशिवायचा स्वस्त प्लॅन आहे, तो अजिबात घेऊ नका, व्हिडिओ ठीकच आहेत, खरी किंमत मॅडमच्या डोळ्यांची आहे. आणि किट घेऊ नका, सुटी हत्यारं घ्या, त्या पैशात व्हर्नियर, पितळेचा पुशर आणि गॉगल आरामात येतो. घेतलंच किट, तर बर्निशरचं टोक आधी अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढून बघा. नखावर रेघ उमटली तर खड्याजवळ नेऊ नका.

मूनस्टोन मी परत काढला नाही, तसाच घालतो. ओपलचं काय करायचं ते मॅडमना विचारलंय, त्या म्हणाल्या मागून पातळ काळा दगड चिकटवून बघा, भेग बरीच दबेल. पुढच्या सेशनला नेतोय.